सातबारा कुठी गेला?

जळगावजवळच्या आमच्या असोद्यात भरिताच्या वांग्याला भरिताचं वांगं म्हणतात. वस्तू काय आहे आणि तिचं पुढे काय करायचं, हे नावातच आलं. काड्यांवर भाजायचं, बडजीत ठेचायचं, हिरवी मिरची, लसूण आणि कांद्याची पात घालून कळण्याच्या भाकरीबरोबर खायचं. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सरकारनंसुद्धा त्याच्या नावाला हात लावला नाही. हेच वांगं एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीच्या तावडीत सापडलं असतं, तर तिनं आधी त्याचं नाव ‘ऑरा’ ठेवलं असतं. दोन वर्षांनी ‘ऑरा प्रो’ आणि मग ‘ऑरा ३६५’. आणि आपण बाजारात जाऊन भरिताचं वांगं मागितलं की भाजीवाली म्हणाली असती, “ते बंद झालं बाबा. आता भेंडीत विलीन केलंय.”

कॉम्प्युटर शिकताना माणूस अडतो तो यंत्रापाशी नाही. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पाण्याची मोटर, स्टार्टर, ठिबकचे व्हॉल्व्ह आणि रात्री दोन वाजता येणारी लाईट सांभाळली, त्याला माऊस काय अवघड? तो अडतो नावांपाशी. आणि गंमत अशी की ही नावं त्याला अनोळखी असतात म्हणून तो अडत नाही. चांगली ओळखीची असतात, म्हणून अडतो.

एक्सेल घ्या. आमच्याकडे एक्सेल म्हणजे ती मोपेड. पुढे चाऱ्याचा भारा, मागे दुधाची कॅन आणि मधे उरलेल्या जागेत मालक. ॲक्सेस म्हणजे स्कूटर. बहुतेक घरांत ती सूनबाईंची असते. आणि पॉवर पॉइंट म्हणजे भिंतीतला मोठ्या भोकांचा सॉकेट, ज्यात फ्रिज नाहीतर गिझर लावतात. घर बांधताना वायरमन पहिला प्रश्न हाच विचारतो, “पॉवर पॉइंट किती काढायचे?” त्यामुळे ऑफिस नावाच्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये एक मोपेड, एक स्कूटर आणि एक प्लग निघतो, हे नव्या माणसाला पटवून देणं सोपं नाही. आमच्या शेजारच्या आजींना नातीनं सांगितलं की शाळेत उद्या पॉवरपॉइंट करून न्यायचंय. आजी दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेच्या दारात. विजेची कामं लेकरांकडून करून घेता, लाज कशी वाटत नाही, असं त्यांनी मास्तरांना चारचौघांत विचारलं. मास्तरांनी समजावलं, पण आजींना ते अजून पुरतं पटलेलं नाही.

या गोंधळात भर पडली ती एमएस-सीआयटीमुळे. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशननं हा अभ्यासक्रम सुरू केला आणि गावोगावी क्लास निघाले. सरकारी नोकरीला प्रमाणपत्र लागतं म्हटल्यावर पोरं आली, पोरी आल्या, आणि पगारवाढ अडेल या धाकानं निवृत्तीला टेकलेले गुरुजीही आले. तिथं पहिल्याच दिवशी दोन एमएस भेटायचे. एमएस-वर्डमधलं एमएस मायक्रोसॉफ्टचं आणि एमएस-सीआयटीमधलं एमएस महाराष्ट्र स्टेटचं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण हे कोणी सांगत नसे, त्यामुळे बरेच दिवस आमच्या भागात असा समज होता की ती कंपनी राज्य सरकारचीच आहे. एका गुरुजींनी तर ‘मग आपल्याला विंडोज फुकट का मिळत नाही’ असा अर्ज लिहायला घेतला होता.

त्या क्लासात आणखी एक जोडगोळी असे. इंटरनेट एक्सप्लोरर आणि विंडोज एक्सप्लोरर. नावं वेगळी, आडनाव एक, पण एक बाहेरचं जग दाखवणार आणि दुसरा घरातली कपाटं. पुढे २०१२ साली विंडोज आठमध्ये घरातल्याचं नाव फाइल एक्सप्लोरर केलं. ते बरं केलं. बाहेरच्याला १५ जून २०२२ रोजी निवृत्त केलं, आणि त्याच्या जागी आलेल्या एजचं चित्र पुन्हा निळंच. चित्रावरून ओळखायला शिकलेल्या माणसाला वाटतं, जुनाच आहे, जरा वाकडा झालाय.

फायरफॉक्सचं काय सांगावं! २००२ मध्ये तो जन्मला तेव्हा त्याचं नाव फिनिक्स होतं. ते नाव दुसऱ्या कोणाचं तरी निघालं म्हणून फायरबर्ड ठेवलं. तेही दुसऱ्याचं निघालं. मग २००४ साली फायरफॉक्स. बारशालाच इतका घोळ झालेलं मूल आमच्याकडे असतं, तर आत्यानं पाळणा सोडून दिला असता. खुद्द विंडोजनं तर मोजणीच सोडली. पंचाण्णव, अठ्ठ्याण्णव, दोन हजार इथपर्यंत सालं होती. मग एक्सपी आणि व्हिस्टा अशी अक्षरं आणि शब्द. मग एकदम सात, आठ, आठ पूर्णांक एक, आणि त्यानंतर दहा. नऊ आलाच नाही. तलाठ्यानं गट नंबर असे दिले असते, तर कोर्टात उभं राहायला जागा उरली नसती.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते ‘माय कॉम्प्युटर’चं. पडद्यावरच्या त्या चित्राखाली ‘माय’ लिहिलेलं असायचं. नव्या माणसाला तेवढाच धीर. शिवाय आमच्या बोलीत माय म्हणजे आई, त्यामुळे काही जण त्यावर क्लिक करण्याआधी मनात नमस्कारही करत असावेत. व्हिस्टात ‘माय’ गेलं, नुसतं कॉम्प्युटर राहिलं. २०१३ साली विंडोज ८.१ मध्ये तेही गेलं आणि तिथं ‘धिस पीसी’ आलं. हा पीसी! पैसे माझे, वीजबिल माझं, धूळ मी पुसतो, आणि हा मात्र नुसता ‘हा’. आत शिरलं की सी ड्राइव्ह. ए कुठाय, बी कुठाय, असं कोणीही शहाणा माणूस विचारणारच. ती दोन अक्षरं फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, पण तिची जागा अजून कोणी घेतलेली नाही. फ्लॉपीचं चित्रही ‘सेव्ह’च्या बटणावर शिल्लक आहे. ते चित्र कसलं, हे आजच्या पोरांना ठाऊक नसतं आणि त्यांच्या आजोबांना तर कधीच ठाऊक नव्हतं. या एका बाबतीत दोन पिढ्यांचं एकमत आहे. मग पेन ड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह. वनड्राइव्हचं आधीचं नाव स्कायड्राइव्ह होतं. ब्रिटनमधल्या स्काय वाहिनीवाल्यांनी त्यावर दावा लावला आणि २०१४ साली ते बदलावं लागलं. फाइल आभाळात आहे की एका ड्राइव्हमध्ये, हे ठरवायलाही कोर्ट लागलं.

पण ही सगळी कौतुकं पुढारलेल्या लोकांची. आमच्या गावाचा खरा प्रश्न एकच आहे आणि तो सातबाऱ्याचा आहे.

अप्पा आमच्या गल्लीतले. त्यांच्याकडे मोबाईल आहे, तो ते उजव्या हातात धरत नाहीत, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरतात. एका सकाळी ते ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “काय भो, माह्या वावराचा सातबारा मोबाईलमधी कुठी गेला, पाहाय जरा. कालदिस आला होता.”

पीककर्जासाठी तो हवा होता. शहरातल्या एका ई-सेवा केंद्रावरच्या पोरानं तो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि अप्पांनी तो ‘उघडून पाहेल होता’. पाहिला, बंद केला, आणि आता नाही. आता हे समजून घ्या की व्हॉट्सॲपवर आलेली फाइल कुठे जाऊन बसते. अँड्रॉइडच्या फोनमध्ये आधी ‘अँड्रॉइड’ नावाच्या फोल्डरात, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’, त्यात पुन्हा ‘व्हॉट्सॲप’, त्यात पुन्हा ‘मीडिया’, आणि त्यात ‘व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स’. तिथं पोचलो. पोचल्यावर दिसलं काय, तर ‘डीओसी’, पुढे आठ आकडी तारीख, पुढे ‘डब्ल्यूए’ आणि चार आकडे. अशा फाइलींची खालपर्यंत रांग. त्यात अप्पांचा सातबारा, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, नातवाची मार्कशीट, तीन लग्नपत्रिका, एक दशक्रियेची पत्रिका आणि केळीच्या भावाचं पत्रक, सगळे एकाच गणवेशात उभे.

“शोधायचं खातं राहातं ना त्याच्यात?” अप्पांनी विचारलं. राहातं. तिथं माईक दाबून ते मोठ्यानं म्हणाले, “सातबारा!” काही नाही. मी इंग्रजी अक्षरांत सातबारा टाइप केलं. काही नाही. सात, एक, दोन असे आकडे टाकले, तर गॅस एजन्सीची पावती आली, कारण तिच्या क्रमांकात कुठेतरी ७१२ होते. शेवटी एकेक फाइल उघडत गेलो. लग्नपत्रिका लागली की अप्पा थांबवायचे, “थांब, थांब, हे कोनाचं? बरं झालं, जायाचं राहून गेलं होतं,” आणि मग त्या घराची हकिगत. सातबारा सापडेपर्यंत चहा दोनदा झाला.

आता पुन्हा हरवू नये म्हणून मी तो लॅपटॉपवर घेतला आणि म्हटलं, अप्पा, याला नीट नाव देऊ. काय देऊ? अप्पांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. सातबाऱ्याला काय नाव देणार? सातबारा! सात, मग तिरकी रेघ, मग बारा. मी तसं टाइप केलं आणि विंडोजनं तिथल्या तिथे पाटी दाखवली, की फाइलच्या नावात ही ही चिन्हं चालत नाहीत. त्या यादीत तिरकी रेघ होती.

“म्हंजे?”

म्हणजे ही रेघ चालत नाही, अप्पा.

“तलाठ्याले चालते. तहसीलदाराले चालते. बँकेले चालते. कोर्टात चालते. अन् ह्याले नही चालत?”

नाही चालत. आणि याचं कारण तसं जुनं आहे. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये १९८३ साली फोल्डरात फोल्डर ठेवायची सोय झाली. कुठलं फोल्डर कशाच्या आत आहे हे दाखवायला मधे रेघ लागते. उजवीकडे झुकणारी रेघ आधीच दुसऱ्या कामाला जुंपलेली होती म्हणून डावीकडे झुकणारी घेतली, आणि गोंधळ नको म्हणून नावात दोन्ही रेघांना बंदी घातली. ती आजपर्यंत आहे. इकडे आमच्या महसूल खात्यानं गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन कागद एकत्र केले आणि मधे ती उजवीकडे झुकणारी रेघ मारली. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये पीक कोणतं. महाराष्ट्रात ज्याच्याइतका दुसरा कुठलाही कागद शोधला जात नाही, त्या कागदाचं खरं नाव विंडोजमध्ये लिहिताच येत नाही. आठ-अ ला अडचण नाही, त्यात आडवी रेघ आहे. फेरफार बिनधास्त लिहा. अडलंय ते फक्त सातबाऱ्यापाशी.

मग जो तो आपापली युक्ती करतो. कोणी रेघेऐवजी टिंब देतो, कोणी आडवी रेघ, कोणी आकडे जोडून सातशे बारा करतो. कोणी इंग्रजीत ‘सातबारा’ लिहितो, त्यातही कोणाच्या स्पेलिंगात एक ए, कोणाच्या दोन. आणि बहुतेक जण काहीच करत नाहीत; संकेतस्थळावरून जो लांबलचक आकडा येतो, तोच राहू देतात. मग शोधायला गेलं की सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून माणूस नवा काढतो. महाभूलेखवर सातबारा नुसता बघायला फुकट आहे, पण डिजिटल सहीचा लागला तर १५ रुपये. पंधरा रुपयांनी कोणी बुडत नाही. पण त्याच वावराचा तोच सातबारा पुन्हा पुन्हा काढून डाउनलोड्समध्ये एकाच आकड्यापुढे कंसात एक, कंसात दोन, कंसात तीन असं होत जातं आणि शेवटी कंसातला नवा कोणता, हाच नवा वाद उभा राहतो.

सरकारला नावं ठेवायची म्हणून ठेवू नयेत. महसूल खात्याच्या संकेतस्थळाला ‘आपली चावडी’ हे नाव ज्यानं सुचवलं असेल त्याला असोद्याचं भरीत माझ्याकडून. ‘ई-पीक पाहणी’ हेही तसंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या ॲपचं नाव वाचून अप्पांना कोणाला काही विचारावं लागलं नाही. पीक आहे, त्याची पाहणी आहे, आधी ‘ई’ आहे म्हणजे मोबाईलवर करायची आहे. पुढे त्याच्यामागे कंसात ‘डीसीएस’ लागलं तेव्हा मात्र ते पुन्हा माझ्या ओट्यावर आले. उलट पैसे पाठवायचं ते ॲप बघा. सप्टेंबर २०१७ मध्ये ते ‘तेज’ म्हणून आलं. सुटसुटीत, दोन अक्षरी. लोकांच्या तोंडात बसतंय न बसतंय तोच वर्षभरात त्याचं गूगल पे झालं. आणि आता दुकानात कोणी ‘फोन पे कर’ म्हणालं तरी माणूस गूगल पे उघडतो, आणि ‘गूगल पे कर’ म्हणालं तरी ज्यानं पैसे जातील ते उघडतो. लोकांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकलाय.

नावांचा घोळ आपणही घालतो. लग्नसराईत जळगावला पत्रिका छापायला जाऊन पाहा. दुकानातला पोरगा कृतिदेवमध्ये टाइप करतो. तिथं पडद्यावर दिसतं ते देवनागरी, पण आत बसलेली असतात रोमन अक्षरं. कृतिदेवचा फॉन्ट त्यांना मराठी कपडे घालून बाहेर आणतो. हीच फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथं उघडली, की कपडे उतरतात. ‘मराठी’ या शब्दाचं तिथं होतं ई, जे, के, बी, एच. नवरदेवाचं काय होत असेल ते मी सांगत नाही. आणि फाइलीचं नाव? ‘फायनल’. मग आत्याचं नाव राहिलं म्हणून ‘फायनल २’. मग काकांचं नाव आत्याच्या खाली आलं म्हणून ‘फायनल नवीन’. मग ‘फायनल ओके’. छापली जाते ती हमखास ‘फायनल २’, आणि काका लग्नाला येत नाहीत. पूर्वी पत्रिका ज्यात करत त्या पेजमेकर सॉफ्टवेअरमधल्या फाइली तर आता उघडणंही मुश्किल. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची.

नेमक्या नावाचा नमुना मात्र घरचाच आहे. आमच्या गावची लेक, कवयित्री बहिणाबाई. १८८० साली इथल्या महाजनांच्या घरात जन्मली, चौधऱ्यांकडे जळगावला दिली. तिला लिहिता येत नव्हतं. ती घरोट्यावर, वावरात गात होती आणि तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी जमेल तसं टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ ला ती गेली. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. पुस्तकाला नाव काय दिलं, तर ‘बहिणाबाईची गाणी’. कोणाची आणि काय. फाइलीचं नाव कसं असावं असं मला कोणी विचारलं, तर मी हेच दाखवतो. आता तिच्याच नावाचं विद्यापीठ जवळ आहे. १९९० सालचं, २०१८ मध्ये नामविस्तार झाला. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. नाव चांगलं आहे, पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यात मावत नाही म्हणून ते ‘कबचौउमवि’ छापतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कृतिदेवचा फॉन्ट गेलाय असंच वाटलं होतं.

तेव्हा सगळा दोष परदेशी कंपन्यांवर टाकून चालणार नाही. त्यांनी सॉफ्टवेअरची नावं काय ठेवावीत हे आपल्या हातात नाही. उद्या ते एक्सेलचंही नाव बदलतील आणि आपण क्लास लावू. मात्र फाइलीचं नाव आपल्या हातात आहे. विंडोजला मराठी अक्षरांतलं नाव चालतं, मोबाईललाही चालतं आणि शोधलं तर मराठीत सापडतंही. म्हणून गावोगावच्या केंद्रांवर बसणाऱ्या पोरापोरींना, आणि सुट्टीत घरी येऊन आजोबांना दोन मिनिटांत मोबाईल शिकवून जाणाऱ्या नातवंडांना एक विनंती आहे. फाइल पाठवण्याआधी तिचं नाव बदला. आधी माणसाचं नाव, मग कागदाचं, मग महिना आणि साल. ‘अप्पा सातबारा जून २०२५’ एवढं पुरे. सातबारा अक्षरांतच लिहा, तिरकी रेघ घालायच्या भानगडीत पडू नका. आणि ‘फायनल’ हा शब्द लग्नपत्रिकेच्या फाइलीला तरी निदान लग्न लागेपर्यंत देऊ नका.